लाडखेडच्या गार्डाचं घड्याळ

दारव्हा, रविवार, २ नोव्हेंबर १९५८

आज अखेर ते घड्याळ पाहिलं. हातात मिळालं नाही, पण पाहिलं.

लाडखेडला बाबाराव नावाचे रिटायर गार्ड राहतात. सारी नोकरी आपल्या छोट्या लाईनीवर केली आणि त्यांच्याजवळ गार्डाचं जुनं खिशातलं घड्याळ आहे, अशी बातमी दारव्हा स्टेशनच्या तिकीटबाबूनं दिली होती. दिवाळीची सुट्टी येईपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण धीर निघाला नाही. आज सकाळच्या गाडीनं गेलोच.

रेल्वेची जुनी घड्याळं जमवणाऱ्या मास्तरला लोक मागून काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. माझी बायको मथुरा ते तोंडावर म्हणते. "तीन घड्याळं अन् तीन टाइम! शाळेत कोणत्या टाइमानं जाता?" आहेत माझ्याकडे तीन. एक मूर्तिजापूरच्या जुन्या बाजारात मिळालं, पाठीवर इंजिन कोरलेलं. एक नेरच्या एका लाईनमनच्या घरून आणलं. ते लोक त्याच्या झाकणात तंबाखू ठेवत होते. तिसरं चालत नाही, पण देखणं आहे. सावकाराच्या बंडीवर लोंबणारं सोन्याचं घड्याळ मला फुकट दिलं तरी नको. ज्या घड्याळाच्या भरवशावर अनोळखी माणसं पोराबाळांसकट गाडीत बसली, ते हातात घेतलं की मला बरं वाटतं. आता याला कोणी वेड म्हणत असेल तर म्हणो.

बाबाराव उंच, सडपातळ, मिशी विंचरलेली. बायको वारून बरीच वर्षं झाली, पोरगी पुलगावला दिली, एकटेच राहतात. तेही आमच्यासारखेच, दोन वर्षांपूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेले. भिंतीवर बुद्धाचं चित्र, शेजारी बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली खिळ्याला घड्याळ टांगलेलं. पांढरी शुभ्र तबकडी, रोमन आकडे, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा स्वतःच्या वेगळ्या अंगणात फिरतो. पाठीवरचं इंजिन अंगठ्यानं घासून घासून अर्धं पुसलं गेलेलं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"विकाचं नाही मास्तर," ते म्हणाले. "पण पाहाले येत जा. पाहाले कोणी मनाई करत नाही."

रविवार, १६ नोव्हेंबर

गेल्या रविवारीही गेलो होतो. नुसता चहा पिऊन आलो. तेव्हा मथुरेनं तोड काढली.

"खाली हातानं काहून जाता? एकला माणूस हाये तो. काही खाले न्या. अन् इंदूबाईले संगं न्या. बाईमाणूस संगं असलं की बोलणं नरम होते."

इंदू माझी धाकटी बहीण. नवरा पटकीत गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून आमच्याकडेच असते. घर तिच्यावर आणि मथुरेवर चालतं. माझ्याकडे फक्त शाळा आणि घड्याळं. इंदूनं ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी बांधून घेतली.

मथुरेची अक्कल मानली पाहिजे. बाबाराव पोटभर जेवले, चटणी कोणी वाटली ते दोनदा विचारलं. मी म्हटलं, चटणीचं राहू द्या, घड्याळाचं बोला. तेव्हा त्यांनी उठून घड्याळ काढलं आणि इंदूच्या हातावर ठेवलं! मी दोन रविवार मान वर करकरून पाहतो आहे, आणि हिनं न मागता हिच्या हातावर! तिला त्यातलं काय कळतं? तिनं ते कानाशी नेलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "जीव हाये जी याच्यात."

बाबाराव तिच्याकडे पाहतच राहिले. घड्याळाची तारीफ ऐकून बरं वाटलं असावं.

परतताना इंदू सारा रस्ता खिडकीबाहेर पाहत होती. कपाशी फुटली आहे, पाहण्यासारखं होतंच.

रविवार, ३० नोव्हेंबर

बाबारावांनी घराला चुना लावला. घड्याळाला ओल लागू नये म्हणून असेल. घड्याळाची इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. कपबशाही नव्या आणल्या आहेत.

आज पाठीमागचं झाकण नखानं उघडून दाखवलं. आतला आकडा आणि झाकणावरचा आकडा एकच! म्हणजे अस्सल, कोणी झाकण बदललेलं नाही. मी भिंग लावून पाहत होतो तेवढ्यात ते इंदूला सांगत होते की गाडी सुटायच्या आधी गार्डाला आपलं घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी मिळवावं लागतं. "कोणाचं बरोबर न् कोणाचं चूक, हा झगडा कराचा नाही. पह्यले मिळवून घ्याचं. मंगच हिरवी झेंडी." इंदू हनुवटीला हात लावून ऐकत होती. शाळेत माझी पोरं अशी ऐकतील तर मी धन्य होईन.

इंदूनं आज ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. दुसऱ्याच्या घरी जायचं तर नीट जावं, हे मी तिला नेहमी सांगतो. माझं ऐकते.

घड्याळाचं मात्र अजून "पाहू" एवढंच.

बुधवार, १७ डिसेंबर

चमत्कारिक गोष्ट. बाबाराव आज दारव्ह्याला आले. खाकी कोट, गळ्यापर्यंत बटणं, हातात संत्र्यांची पिशवी. मला वाटलं, घेऊन आले! पण घड्याळ आणलंच नव्हतं.

ओसरीवर बसले, चहा घेतला, मथुरेशी तूर कशी आहे ते बोलले, मी शाळेत पोरांना मारतो की नाही ते विचारलं. शेवटी मीच विषय काढला. म्हणाले, "हाये नं जी, खिळ्याले हाये." मग इतकं तिकीट काढून माणूस आला कशाला? इंदू आतून बाहेर आली नाही, पण संत्री तिनंच सोलून पाठवली. मथुरा पदर तोंडाला लावून हसत होती. मी विचारलं काय झालं, तर म्हणे ठसका लागला.

रविवार, १८ जानेवारी १९५९

आज लाडखेडला गेलो नाही. आज मथुरेनं मला सांगितलं.

मी जाण्यासाठी टोपी घातली होती. ती म्हणाली, "बसा जरा. तुमाले घड्याळातला सेकंदकाटा दिसते, पण घरातलं काई दिसत नाही. गार्डसायबानं तिळगूळ कोणासाठी पाठवला?" मी म्हटलं, आपल्यासाठी. "अन् कोट घालून कोणासाठी आले होते?" मी म्हटलं, थंडी होती. तिनं कपाळाला हात लावला. मग सरळच बोलली. बाबारावांच्या मनात इंदू आहे. इंदूच्या मनात बाबाराव आहेत. आणि हे लाडखेडच्या स्टेशनमास्तरपासून आमच्या गल्लीतल्या दळणवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहून ठेवतो. इथे खोटं लिहिलं तर खरं कुठे लिहू? पहिला विचार आला की आता घड्याळ मिळणार.

दुसरा आला की इंदू जाणार. पहिला थोड्या वेळानं निघून गेला. दुसरा अजून बसून आहे. सकाळी माझ्या घड्याळांना मी चावी देत असताना ती अंगण झाडते. झाडूचा तो आवाज नसलेली सकाळ कशी असेल ते मी दिवसभर ऐकून पाहिलं. आणि राग पण आला. कोणाचा, ते कळलं नाही. बहुतेक मथुरेचा, कारण तीच जवळ होती.

रविवार, २५ जानेवारी

इंदू अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि मीही सोलू लागलो. शेवटी म्हटलं, "इंदू, तुह्यं मन काय हाये?"

तिनं मान वर केली नाही. "माह्यं मन हाये, दादा." आणखी एक शेंग सोलून म्हणाली, "पण अंधारात नाही."

मला कळलं. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला पाट म्हणतात. त्यात कोणाला वावगं वाटत नाही. पण तो लागतो रात्री, अंधाऱ्या पंधरवड्यात, मागच्या दारानं. चार म्हातारे आणि दोन विधवा तेवढ्या हजर. नवरा जिवंत असलेल्या बाईनं त्या नवरीचं तोंड पाहू नये, अपशकुन होतो, म्हणून तिला दुसऱ्या दिवशीही कोंडून ठेवतात. लहानपणापासून पाहिलेलं. मला त्यात कधी काही खटकलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो.

"मी काई चोरी करून राह्यली काय?" इंदू म्हणाली. "मले उजेडात जाचं हाये. नाईतर मी हितंच बरी."

"लोक काय म्हणतीन?"

"नागपूरले गेलतो तवा लोकाले इचारून गेलतो काय?"

मी सूप जवळ ओढलं आणि शेंगा संपेपर्यंत सोलत राहिलो.

रविवार, ८ फेब्रुवारी

घाटंजीहून नानाजी आले, सोबत मैनाकाकी. नानाजी माझे चुलते. आमच्या घराण्यातलं कुठलंही बोलणं त्यांच्याशिवाय पुरं होत नाही. दीक्षेलाही ते आमच्या पुढे चालत होते, ते मी विसरलेलो नाही. मला वाटलं होतं ते लग्नालाच नाही म्हणतील. पण तसं झालं नाही. माणूस चांगला, कमावता होता, निर्व्यसनी, करून टाका म्हणाले.

मी हळूच दिवसाचं बोललो. तेव्हा ते असे दचकले की सुपारी घशात अडकते काय असं वाटलं.

"धर्म बदलला म्हणून रीत बदलते काय रे? देव सोडले, उपास सोडले, आता काय लाज बी सोडू? पाट रातीच लागते. सवासनीची नजर पडली अन् उद्या काही इपरीत झालं, त तू निस्तरशीन?" मग म्हणाले, "अन् देज घ्या लागन. फुकट देल्ल्या बाईची सासरी कोणी इज्जत करत नाही. तुले काय पाह्यजे ते सांग, मी त्याले निरोप देतो."

मी काही सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. देज म्हणजे नवऱ्यानं बाईच्या घरच्यांना द्यायची वस्तू, आणि मला कोणती वस्तू हवी आहे ते चार गावांना माहीत आहे. मैनाकाकी दाराशी बसून सारं ऐकत होत्या.

मला घड्याळ हवं आहे. नको म्हटलं तर खोटं होईल. पण असं हवं आहे का, ते कळत नाही.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज माझ्या हातून काय झालं ते लिहायला लाज वाटते.

बाबाराव आले. नानाजी आदल्या दिवसापासून मुक्कामालाच होते. बाबारावांनी कोटाच्या खिशातून धुतलेला रुमाल काढला, उलगडला आणि घड्याळ माझ्यासमोर धरलं. आणि मी घेतलं. हात पुढे केला आणि घेतलं, लहान पोरगं पेढा घेतं तसं. ते चांगलं जड होतं आणि त्यांच्या अंगाच्या उबेनं कोमट होतं. मी तिथेच भिंग काढलं, झाकण उघडलं आणि आतला आकडा पुन्हा वाचू लागलो.

"झालं," नानाजी म्हणाले. "येत्या अमावास्येले उरकून टाकू."

देज हातात घेतलं म्हणजे बोलणी मिटली, पुढचं सारं वडीलधाऱ्यांच्या शब्दाप्रमाणे, ही आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. आणि मी मास्तर! मान वर केली तेव्हा इंदू स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती घड्याळाकडे नव्हती पाहत, माझ्याकडे पाहत होती. मग आत गेली.

बाबारावही ओशाळल्यासारखे झाले. त्यांना वाटलं असेल की इंदूनंच रात्रीचा पाट मान्य केला आहे. मला तेव्हा बोलता आलं असतं. नाही बोललो.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

घड्याळ सुरेख चालतं. माझ्या चालणाऱ्या दोघांना त्याच्यावर मिळवलं.

इंदू वेळेवर वाढते, वेळेवर पाणी देते, माझ्याशी बोलत नाही. मथुरेला विचारलं, ही काय म्हणते? ती म्हणाली, "म्हणते, मी जात नाही. अंधारात नेतीन त अंधारातच हिरीत पडीन म्हणते." मग खिळ्याला टांगलेल्या घड्याळाकडे पाहून म्हणाली, "कितीक देखणं हाये नाही? इंदूबाईच्या बदल्यात आलं."

तीन घड्याळं टिकटिक करतात आणि घरात माझ्याशी बोलणारं माणूस नाही. बाबारावांचं मी रुमालात गुंडाळून पेटीत ठेवलं, पण ते आतूनही ऐकू येतं.

रविवार, २२ फेब्रुवारी

सकाळच्या गाडीनं एकटा लाडखेडला गेलो. घरी कोणाला सांगितलं नाही.

बाबाराव अंगणात खाट विणत होते. नवी खाट. मला पाहून उभे राहिले. मी रुमाल काढून पुढे केला आणि त्यांचा चेहरा एकदम पडला. देज परत करतात ते सोयरीक मोडताना, हे माझ्या तोपर्यंत डोक्यातच आलं नव्हतं. एकापाठोपाठ किती चुका कराव्या माणसानं!

"मोडलं काय, मास्तर?" त्यांनी विचारलं. हात पुढे केला नाही, दोरी धरूनच उभे होते. "माह्याकून काई चुकलं असन त सांगा. मी वयानं मोठा हाव, हे मले समजते. तिनं नोको म्हटलं असन त राहू द्या. पण घड्याळ ठेवा. आता ते घेऊन मी काय करू?"

आणि मला तिथे, त्या अंगणात, खरोखर रडू आलं. मी म्हटलं, "मोडलं नाही जी. बहीण देऊन राह्यलो. पण बदल्यात काहीच नाही घेत. माह्या बहिणीएवढं घड्याळ अजून बनलं नाही." मग एका दमात सांगितलं की इंदूला उजेडात यायचं आहे, नाहीतर ती येणार नाही, तिला अंधार मान्य नव्हता, मीच तोंड शिवून बसलो होतो.

बाबाराव खाटेच्या काठावर बसले. "मले वाटलं, तिलेच दिवसा माह्यासंग दिसाची लाज वाटते," ते म्हणाले. "रिटायर माणूस. लोक हासतीन म्हणून." मग मिशीवरून हात फिरवला आणि उठून चहा करायला गेले. चहात साखर इतकी घातली की पिववत नव्हता. दोघांनीही पिऊन टाकला.

घड्याळ त्यांच्या खिळ्याला परत लागलं. निघताना मी वळून पाहिलं. पाहिलं हे कबूल करतो.

घरी येऊन इंदूला सांगितलं. तिनं पान वाढलं. भाजीत मीठ नव्हतं म्हणून मी कुरकुर केली तेव्हा म्हणाली, "घड्याळ चाटा." बोलली!

रविवार, ८ मार्च

नानाजींचा निरोप आला. दिवसा लावणार असाल तर आमची वाट पाहू नका. वडिलांच्या मागं त्यांनीच मला उभं केलं, शाळेत घातलं. त्यांच्याशिवाय घरातलं कार्य मी कधी पाहिलेलं नाही.

भीती वाटते. शाळेत एक मास्तर परवा मला ऐकू जाईल असं म्हणाला की यांच्यात आता उघड्यावर पाट लागतात. आपल्या लोकांतही सगळे खूश आहेत असं नाही. बाया मथुरेला विचारतात, तू समोर येशीन काय? नवऱ्याच्या जिवाचं भेव नाही वाटत? मथुरा म्हणते, "माह्या नवऱ्याचा जीव घड्याळात हाये, त्याले काई होत नाही."

तिनं हे हसून सांगितलं. पण लहानपणापासून ऐकलेलं तिच्याही मनात कुठेतरी असेलच. तरी ती येणार आहे. मी तिला कधी सांगितलं नाही, इथे लिहितो, की मला फार चांगली बायको मिळाली.

रविवार, १२ एप्रिल

लग्न झालं.

जयंतीसाठी वस्तीत मांडव आधीच पडला होता, तोच वापरला. ऊन असं की पायाखालची माती पोळत होती. लोक येतील की नाही याचा घोर मला लागला होता. मांडवात तेव्हा पुरुषच होते आणि काही म्हाताऱ्या. सवाशणी बाया आपापल्या दारांत, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर.

इंदूला घरातून मांडवापर्यंत आणायचं होतं. ती आपल्या नव्या रीतीचं पांढरं लुगडं नेसून उंबऱ्याच्या आत थांबली. इतके दिवस उजेड उजेड करणारी, पण तिचाही पाय निघेना. तेव्हा मथुरेनं आपल्या कपाळावरचं कुंकू नीट केलं, इंदूचा हात धरला आणि दोघी समोरच्या दारानं बाहेर पडल्या. गल्लीच्या मधोमध चालत गेल्या, घाई न करता. मी मागं होतो. मला दिसलं की दुसऱ्या घरातली बाई बाहेर आली, मग तिसऱ्या. मांडवाशी पोचेपर्यंत आमच्या मागं गर्दी झाली होती.

बुद्धाला आणि बाबासाहेबांच्या फोटोला हार घातले. सगळ्यांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. बाबारावांचा आवाज स्टेशनात हाक दिल्यासारखा मोठा, इंदूचा बारीक पण स्पष्ट. एकमेकांच्या गळ्यात हार घातले आणि टाळ्या झाल्या. एवढंच. एवढ्यासाठी आम्ही तीन महिने झुरलो.

जेवणाच्या पंगती मांडत असताना बैलांची दमणी येऊन थांबली. नानाजी आणि मैनाकाकी. नानाजी मांडवाच्या कडेला खांबाशी बसले. मी पाया पडलो तर म्हणाले, "मी नव्हतो येत. हिनं काल दुपारपासून चूल नाही पेटवली." मैनाकाकींना मी जन्मात कधी हट्ट करताना पाहिलेलं नाही.

काकी बसल्या नाहीत. मांडवाची सावली सोडून उन्हात गेल्या आणि तिथून मला घरच्या नावानं हाक मारली. "देवा, किती वाजले रे?"

मी खिसे चाचपले. घरात तीन घड्याळं, आणि गडबडीत एकही आणलं नव्हतं. बाबाराव पुढे आले, त्यांनी कोटाच्या खिशातलं घड्याळ काढून माझ्या हातावर ठेवलं. "तुमी सांगा, मास्तर."

मी मोठ्यानं सांगितलं, "साडेबारा."

"दुपारचे?"

"दुपारचे, काकी."

त्यांनी मान हलवली. "माह्या पाटाले घरातले सारे दिवे इझवले होते," त्या म्हणाल्या. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. "किती वाजले होते ते कोणी पाह्यलं नाही. याइचं तोंड मी तिसऱ्या दिवशी पाह्यलं."

काकींचा पाट होता हे मला माहीत नव्हतं. आमच्या घरात हे कोणी कधी बोललं नाही. नानाजी आपल्या हातांकडे पाहत होते. मग त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि तसेच बसून राहिले.

काकींनी इंदूला बोलावलं. इंदू उन्हात त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, मान खाली घालून, नवरीनं घालावी तशी.

"वर पाह्य वं बाई," काकी म्हणाल्या. "मले पाहू दे."

इंदूनं मान वर केली. काकींनी तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि पाहत राहिल्या. ऊन इतकं होतं की दोघींनाही डोळे बारीक करावे लागले, पण सावलीत या असं त्यांना कोणी म्हटलं नाही.